चतुःसीमा

सातच्या मिसेला पाद्री ओस्ती उंच धरतात,
घंटी वाजते, आणि नेमकी तेव्हाच
बाकावर थरथरते माझी पर्स.
गुडगावचे सूद साहेब उठले.

मी गुडघ्यांवर. डोळे मिटलेले.
खोटं कशाला बोलू, वेदीसमोर मला सर्वांत स्वच्छ दिसतो
नाश्नोळ्याचा तो तुकडा, आमच्याच कुंपणाला लागून:
अकराशे चाळीस मीटर, तीन फणस,
पावसाळ्यापुरता ओहोळ, सनद झालेली.

ऑफिस म्हापशात, पोदेराच्या भट्टीवरचा मजला.
भिंतीवर सां आंतोन, खाली फायली.
हरवलेलं शोधून देतो म्हणतात;
मला त्याने लिस्बनमधले दोन वारस शोधून दिलेत.
भाऊ सहीला तयार आहे.
बहीण फोन उचलत नाही. मेणबत्ती चालू आहे.

घरी जेवणाचं टेबल म्हणजे दुसरं ऑफिस.
मिठाच्या बरणीखाली नकाशा, नकाशावर सोलांचा डाग.
"ताट इथे मांडू की साइटवर?" ओलाव विचारतो.
चित्रकलेचा मास्तर, आवाज कधी चढवत नाही,
नुसता पाण्याचा पेला ठेवतो
बरोबर प्लॉट नंबर चारवर.
रात्री तेर्साच्या तिसऱ्या दशकात माझा आवाज गळतो,
तो आणि झेल्मा माझ्या वाटचे नमान मोरिये म्हणून टाकतात.
या उधारीची वही कुणी ठेवलेली नाही.

माझ्या जुन्या मसुद्यांच्या कोऱ्या पाठी
झेल्माला लागतात अभ्यासाला.
शनिवारी दोतोर्नच्या बाईंनी प्रश्न दिला: तुझा शेजारी कोण?
नऊ वर्षांची पोर. कागद उलटून वाचला असावा तिने,
माझीच भाषा उचलली:

पूर्वेस: बोस्त्यांव, त्याचं घर, त्याच्या कोंबड्या.
दक्षिणेस: वाट.
पश्चिमेस: ओहोळ, आटलेला.
उत्तरेस: अजून भेटलो नाही.

मी कागद पालटला. त्या बाजूला मी होते:
सदर मिळकत मोकळी, निर्वेध व बोजारहित असून
तीत कोणाचाही वास अथवा ताबा नाही.

बोस्त्यांव ऐंशीला आला.
मुंडकारांच्या नोंदीत त्याचं नाव नाही,
भाटकाराने तोंडी शब्द दिला होता
आणि शब्दाचा उतारा काढायचं कुणाला सुचलं नाही.
झेल्मा जन्मली त्या मे महिन्यात
फणस सायकलला बांधून हॉस्पिटलात आला होता हाच.
नर्सनी खाल्ला, मी खाल्ला.
बोजारहित.

सूद साहेब वाईट नाहीत. त्यांना शांतता हवी, पोहायला तलाव हवा.
म्हणतात, "मॅडम, म्हाताऱ्याला काहीतरी देऊन टाकू."
माझी दलाली दोन टक्के.
दोन टक्क्यांत आमचं गळकं छप्पर बसतं,
ओलावचा गुडघा बसतो,
फेस्ताचा खर्चही, यंदा प्रेझिदेंत मीच.

कुमसाराला गेले. पाद्री जाळीपलीकडे बराच वेळ गप्प,
मग दहा नमान मोरिये सांगितले.
दहाच?
इतक्या स्वस्तात कळंगुटला खोलीसुद्धा मिळत नाही.

काल रात्री सगळे निजल्यावर ती ओळ खोडली.
तिच्या जागी टाइप केलं:
तीत बोस्त्यांव मिनेझिस यांचे राहते घर असून
ते राहील.
दोनदा वाचलं. कोंबड्यांचा उल्लेख घातला, मग काढला.
पाठवलं.

दिवसभर सूद साहेबांचं उत्तर नाही.
तेर्साची वेळ झाली. फोन मी तांदळाच्या डब्यात पुरलाय.
तिसऱ्या दशकाशी ओलाव थांबतो, माझ्याकडे बघतो,
झेल्माही बघते.
डब्यात तांदूळ थरथरायला लागतात.

माझी पाळी आहे.